एक डॉलर, दहा वर्षं

मैत्रिणींनो, मागच्या महिन्यात आमच्या महिला मंडळात चांगलीच खडाजंगी झाली. कारण काय, तर सहा शिलाई मशिनं. आमचा शिवणवर्ग दोन जुन्या मशिनांवर चालतो, त्यातलं एक तर आठवड्यातून दोनदा रुसतं. अशात एका दात्यांकडून निरोप आला, सहा नवी मशिनं देतो म्हणून. आनंदानं आम्ही चहा ठेवला, पण चहा होईपर्यंत अटी कळल्या. वर्गातल्या प्रत्येक बाईचा फोटो हवा, तिची कहाणी हवी आणि ती शक्यतो डोळ्यांत पाणी आणणारी हवी. शिवाय वर्गात कुणाला घ्यायचं, हे यापुढे तेच ठरवणार. आमच्यातल्या वयस्कर काकू म्हणाल्या, अगं, देणाऱ्यानं दोन गोष्टी विचारल्या तर बिघडलं कुठं? आणि वर्गातली एक तरुण मुलगी, जिला नवऱ्यानं टाकलंय, ती उठली आणि म्हणाली, ताई, माझा फोटो लावणार असाल तर मी उद्यापासून येत नाही.

त्या रात्री मला झोप लागेना. आणि मग आठवल्या पंडिता रमाबाई.

आपल्याला शाळेत रमाबाई दोन-तीन ओळींत शिकवल्या. संस्कृतच्या पंडिता, विधवांसाठी शारदा सदन काढलं, पुढे ख्रिस्ती झाल्या. झालं! पण हजारो बायका-मुलींना जेवूखाऊ घालणाऱ्या या बाईनं पैसा आणला कुठून? ज्यांनी दिला, त्यांनी बदल्यात काय मागितलं? बाईंनी काय दिलं आणि काय नाकारलं? संसार चालवणाऱ्या बाईला हा प्रश्न पहिला पडायला हवा. मला मात्र तो चाळिशी उलटल्यावर पडला. मग जमेल तेवढं वाचून काढलं.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीच्या रानात, गंगामूळला. वडील अनंतशास्त्री डोंगरे विद्वान, पण उफराट्या डोक्याचे. म्हणजे त्या काळच्या लोकांच्या मते हो! बायकोला संस्कृत शिकवायचं, हा त्यांचा गुन्हा. लक्ष्मीबाई शिकल्या आणि त्यांनीच पुढे रमाला शिकवलं. कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत गावोगाव हिंडायचं. पुराणिकाच्या पुढ्यात जे पडेल त्यावर पोट. दान घेणं म्हणजे काय असतं, हे या मुलीला असं लहानपणीच कळलं.

मग दुष्काळ आला. १८७४ च्या सुमाराला आई, वडील आणि थोरली बहीण, सगळे काही काळाच्या अंतरानं गेले. उरले रमा आणि भाऊ श्रीनिवास. दोघं अर्धपोटी, हजारो मैल पायी हिंडले आणि १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी तिची परीक्षा घेतली आणि पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. विशीतली मुलगी! दोन वर्षांत भाऊ गेला. तिनं बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं, जातीबाहेर, नोंदणी पद्धतीनं. मनोरमा झाली. आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीनं नवराही गेला. चोविशीही पुरी व्हायची होती आणि कडेवर लेक.

त्या पुण्यात आल्या. आर्य महिला समाज काढला. रानडे, भांडारकर ही मंडळी पाठीशी होती. रमाबाई रानडे त्यांच्याकडे कौतुकानं बघत असत. हंटर आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली आणि बायकांसाठी शिक्षिका आणि बायका डॉक्टर हव्यात, असं ठासून सांगितलं. आपणही वैद्यक शिकावं, असं त्यांच्या मनात होतं. त्यासाठी इंग्लंडला जायचं, तर पैसा?

इथे मला त्यांचं पहिलं कौतुक वाटतं. त्यांनी स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिलं होतं. त्याच्या विक्रीच्या पैशातून त्यांनी १८८३ मध्ये बोटीचं तिकीट काढलं. विलायतेत राहण्या-जेवणाची सोय झाली ती वॉन्टेज गावातल्या सेंट मेरी द व्हर्जिन या जोगिणींच्या मठात. या जोगिणींचं काम पुण्यातही होतं. पण बाई फुकट राहिल्या नाहीत. हिंदुस्थानात यायला निघालेल्या जोगिणींना त्या मराठी शिकवणार आणि बदल्यात इंग्रजी शिकणार, असा सरळ व्यवहार ठरला होता.

तिथे जे घडलं ते मात्र व्यवहाराच्या पलीकडचं. सोबत गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी वॉन्टेजमध्येच आत्महत्या केली. त्यानंतर २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाई आणि छोट्या मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. इकडे पुण्यात एकच गदारोळ! त्यांची बाजू घेणारे जोतीराव फुल्यांसारखे लोक अगदी थोडे. त्यात वाढत्या बहिरेपणामुळे वैद्यक शिकण्याची आशाही संपली. परदेशात, कान गेलेले, लेक लहान, आणि ज्यांच्या घरात राहतो त्यांचाच धर्म आता आपलाही. माणूस अशा वेळी मिंधं होतं, नाही का?

या बाई झाल्या नाहीत. चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात त्या शिकत होत्या आणि संस्कृत शिकवतही होत्या. तिथल्या प्राचार्या डोरोथिया बील यांच्या मनात आलं, की हिंदुस्थानात जाणाऱ्या तरुणांनाही त्यांनी देशी भाषा शिकवावी. तर मुंबईचे आणि लाहोरचे बिशप म्हणाले, छे, बाईनं पुरुषांना शिकवायचं म्हणजे तिच्याच लोकांत तिची पत जाईल! रमाबाईंना हसावं की रडावं कळलं नसेल. भर सभेत पंडितांपुढे बोललेली ही बाई. त्यांनी धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांना स्पष्ट कळवलं, की मी ख्रिस्ताला मानलं आहे, पण म्हणून माझी बुद्धी कुणा पाद्र्याच्या हवाली केलेली नाही. त्रैक्याच्या सिद्धांतापासून गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं हवीत की संस्कृत, इथपर्यंत दोघींचे वाद झाले. ही पत्रं पुढे १९७७ मध्ये पुस्तकरूपानं छापली गेली. ती वाचताना मला सारखं वाटत राहिलं, की जेराल्डिनबाईंचा जीव होता हिच्यावर, पण त्यांना लेक हवी होती. आणि रमाबाईंना हवी होती बरोबरीची मैत्रीण.

ती बरोबरी थोडीफार मिळाली अमेरिकेत. त्यांच्या दूरच्या नात्यातल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाला डॉक्टर होत होत्या. त्या कॉलेजच्या डीन रेचल बॉडली यांनी पदवीदानासाठी रमाबाईंना बोलावलं. मार्च १८८६ चा तो समारंभ. चार दिवसांसाठी गेलेल्या रमाबाई जवळजवळ तीन वर्षं राहिल्या. बालवाडीचं फ्रोबेलचं शिक्षण घेतलं, मराठी वाचनपुस्तकं तयार करायला बसल्या. आणि १८८७ मध्ये इंग्रजीत एक छोटं पुस्तक लिहिलं, द हाय कास्ट हिंदू वुमन. प्रस्तावना बॉडलीबाईंची. हजारो प्रती खपल्या आणि तो पैसा विधवांच्या शाळेसाठी बाजूला पडला.

त्याच काळात त्या अमेरिकन बायकांच्या संघटना बारकाईनं बघत होत्या. दारूबंदीसाठी झटणाऱ्या फ्रान्सिस विलर्ड त्यांच्या मैत्रीण झाल्या. परत आल्यावर त्यांनी मराठीत यूनाइटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त लिहिलं, त्यात तिथल्या स्त्रियांवरचा भाग चांगला लांबलचक आहे. बायका सभा कशा भरवतात, ठराव कसे करतात, थोडा थोडा पैसा जमवून मोठी कामं कशी उभी करतात, याचं त्यांना फार अप्रूप. आपल्याकडे भिशी चालवणाऱ्या कुठल्याही बाईला ते वाचून ओळखीचं वाटेल.

मग डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टनला अमेरिकन रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल हे युनिटेरियन पंथाचे, सोबतीला फिलिप्स ब्रुक्स यांच्यासारखे दुसऱ्या पंथाचे नामांकित धर्मोपदेशक, कामाचा सगळा भार मात्र ज्युडिथ अँड्रूजबाईंसारख्यांवर. ठिकठिकाणी रमाबाई सर्कल नावाची मंडळं निघाली. नियम साधा. सभासदानं दरसाल एक डॉलर द्यायचा, दहा वर्षं. एखाद्या शेठजीनं एकदम थैली ओतायची नाही. हजारो हातांनी थोडं थोडं, पण ठरलेलं आणि दरसाल येणारं. ज्यांनी कधी संस्था चालवली आहे त्यांनाच कळेल, की एकरकमी मोठ्या देणगीपेक्षा हे किती मोलाचं. पुढच्या वर्षी शिक्षिकेचा पगार होईल की नाही, या काळजीनं रात्र जागवायला लागत नाही.

अट एकच, पण भक्कम. शाळा कुठल्याही धर्माची नसेल. उच्चवर्णीय हिंदू विधवांसाठी ती असेल, मुलींना त्यांचं सोवळंओवळं, पूजाअर्चा पाळता येईल, आणि धर्मप्रसार होणार नाही. ही अट रमाबाईंना मान्य होती. किंबहुना अशी अट नसती तर आपल्याकडच्या एकाही बापानं मुलगी पाठवली नसती, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडलं. पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई जोशी. पुढल्या वर्षी पुण्यात खर्च कमी म्हणून बिऱ्हाड पुण्याला हललं. मुली वाढल्या. केस राखलेल्या, हसणाऱ्या, चेंडू खेळणाऱ्या विधवा! पुण्याला हे पचायला जड गेलं, तरी रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळात होते, म्हणून चाललं.

आता खरी कसोटी. मिशनऱ्यांना वाटायचं, ही ख्रिस्ती बाई आणि हिच्या शाळेत येशूचं नाव नाही, ही कसली ख्रिस्ती! आणि केसरीला वाटायचं, हे सदन म्हणजे बाटवण्याचा आडमार्ग. त्यातच न्यूयॉर्कच्या एका ख्रिस्ती साप्ताहिकात सदनाबद्दल असं काही छापून आलं, की जणू ही मिशनचीच शाळा. केसरीनं ते उचलून धरलं. मला इथे टिळकांच्या बाजूलाही थोडं उभं राहावंसं वाटतं. देणाऱ्यांच्या गावात एक सांगायचं आणि मुली देणाऱ्यांच्या गावात दुसरं, असं कुठल्याही संस्थेत होत असेल तर तो प्रश्न विचारलाच पाहिजे. फक्त ते छापणारी रमाबाई नव्हती, परदेशातला संपादक होता. पण सजा भोगायला लागली तिला.

रमाबाईंनी एक गोष्ट सोडली नाही. आपल्या खोलीत आपण मनोरमेला घेऊन प्रार्थना करणार आणि दार उघडं ठेवणार. कुणाला बोलावणार नाही, कुणाला हाकलणारही नाही. १८९१ च्या आसपास त्यांची श्रद्धा जास्त खोल गेली होती आणि ती त्यांना लपवता येत नव्हती. दार उघडं म्हटल्यावर मुली उंबऱ्यात येऊन बसायला लागल्या. ज्या आईनं घास भरवला, ती डोळे मिटून काय बोलते हे मुलींना ऐकावंसं वाटणारच. ही शिकवणूक म्हणायची की नाही? मी यावर खूप विचार केला. आई म्हणून मला वाटतं, दार लावून घेणं हाच खोटेपणा झाला असता. पण एखाद्या पालकाच्या जागी बसून बघितलं, तर माझ्याही पोटात गोळा आला असता.

१८९३ च्या ऑगस्टमध्ये रानडे आणि भांडारकरांनी राजीनामे दिले. पालकांनी वीसेक मुली काढून नेल्या. त्याच वर्षी मार्चमध्ये गोदूबाईंचं लग्न धोंडो केशव कर्व्यांशी झालं होतं, तेही पुण्याला खटकलं होतं. बोस्टनपर्यंत तक्रारी गेल्या. आता दात्यांनी काय करावं? पैसा थांबवणं सोपं होतं. पण असोसिएशननं रमाबाईंवरचा विश्वास काढून घेतला नाही, आणि डॉलर येत राहिले. लांबून पैसा देणाऱ्यांनी जवळच्या माणसाच्या शब्दावर विसंबणं, हे मला या सगळ्या हकिगतीत फार मोठं वाटतं.

जाता जाता एक सांगते. आण्णा कर्व्यांनी १८९६ मध्ये आपला आश्रम काढला तो ही पोळलेली बोटं बघूनच. परदेशी पैसा नको, हिंदू समाजाच्या पैशावरच चालवायचा. पण गंमत बघा, पुढे गोदूबाईंची विधवा बहीण पार्वतीबाई आठवले याच संस्थेसाठी झोळी घेऊन दारोदार फिरता फिरता थेट अमेरिकेला पोचल्या. जेमतेम इंग्रजी, आणि लोकांच्या घरी कामं करून तिथे राहिल्या. त्यांच्यावर पुन्हा कधीतरी लिहीन.

आणखी एक वाद अमेरिकेत झाला. १८९५ मध्ये स्वामी विवेकानंद तिथे व्याख्यानं देत होते आणि हिंदू विधवांचे हाल होतात हे चित्र खरं नाही, असं सांगत होते. ब्रुकलिनच्या रमाबाई सर्कलच्या बायका खवळल्या. वर्तमानपत्रांतून उलटसुलट छापून आलं. मशिनांच्या फोटोंचा प्रश्न मला तिथेच दिसला. आपलं दुःख परक्या मुलखात मांडायचं, की झाकायचं? मांडलं तर देशाची बेअब्रू, झाकलं तर मुलीच्या पोटाला काय? रमाबाईंनी मांडलं. पण पुस्तकात त्यांनी बऱ्याच ठिकाणी रूढी, धर्मशास्त्र आणि कायदे यांच्याबद्दल लिहिलं. एकेका मुलीचा चेहरा विकायला त्या बसल्या नव्हत्या.

दहा वर्षांची मुदत १८९८ मध्ये संपणार होती. बाईंचं डोकं हिशेबी. पुढे काय, हा विचार त्यांनी आधीच केला होता आणि पुणे-दौंड रेल्वेच्या वाटेवर केडगावला शेतजमीन घेतली होती. फळबाग करायची, विहिरी खणायच्या आणि उत्पन्नावर सदन चालवायचं. आजच्या भाषेत स्वावलंबी व्हायचं.

झाडं मोठी व्हायच्या आत १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात माणसं झाडांचा पाला खात होती. रमाबाईंना स्वतःचा वीस वर्षांपूर्वीचा दुष्काळ आठवला असणार, आई-बाप गिळलेला. त्या तिकडे गेल्या आणि काही महिन्यांत तीनशेच्या आसपास बायका-मुली घेऊन आल्या. सापळे नुसते. पुण्यात त्याच वेळी प्लेग, सरकारी निर्बंध, गावात एवढ्या मुली ठेवता येईनात. मग केडगावच्या माळावर तंबू आणि झोपड्या उठल्या.

आता अडचण बघा. बोस्टनचा पैसा उच्चवर्णीय विधवांच्या शाळेसाठी. या मुली सगळ्या जातींच्या, कित्येक तर विधवाही नाहीत, नुसत्या अनाथ. त्या पैशातून यांना भाकरी घालणं म्हणजे शब्द मोडणं. संस्था चालवणाऱ्या बायकांनो, हा मोह किती मोठा असतो ठाऊक आहे ना? एका डब्यातले पैसे दुसऱ्या डब्यात! बाईंनी तसं न करता दुसरं घरच मांडलं. केडगावचं मुक्ती सदन. हे उघडउघड ख्रिस्ती, याला बोस्टनची अट लागू नाही, आणि बोस्टनची हमीही नाही. शारदा सदन पुण्यात आपल्या जुन्या करारावर चालू.

१८९८ मध्ये त्या पुन्हा अमेरिकेला गेल्या आणि असोसिएशनपुढे दहा वर्षांचा हिशेब ठेवला. जुनी संस्था विसर्जित होऊन नवी बांधली गेली, जुनी बंधनं सैल झाली. परतीच्या वाटेवर इंग्लंडात केसिकच्या मोठ्या ख्रिस्ती मेळाव्यात त्यांना बोलायला थोडा वेळ मिळाला. तिथे त्यांनी पैसे मागितले नाहीत. हिंदुस्थानात काम करायला इथलीच एक लाख माणसं आणि एक लाख बायका उभ्या राहाव्यात, अशी प्रार्थना करा म्हणाल्या. विलायतेचे मिशनरी वाढवा, असं म्हणाल्या नाहीत, हे मला महत्त्वाचं वाटतं.

मुक्तीचा कारभार त्यांनी वेगळ्याच रीतीनं चालवला. ब्रिस्टलला जॉर्ज म्यूलर नावाच्या गृहस्थांनी हजारो अनाथ मुलं सांभाळली होती, आणि त्यांची पद्धत अशी, की माणसापुढे हात पसरायचा नाही. देवाला सांगायचं, आणि येईल त्यात भागवायचं. कर्ज नाही, पगार नाही. रमाबाईंनी हीच रीत उचलली. मिनी अब्रॅम्स ही अमेरिकन बाई आपलं जुनं मिशन सोडून त्यांच्याकडे आली. पुढे विलायतेतून, ऑस्ट्रेलियातून, न्यूझीलंडमधून बायका येत राहिल्या, त्याही बिनपगारी. आणि गोऱ्या बायका एका काळ्या, लुगडं नेसलेल्या, बहिऱ्या बाईच्या हाताखाली काम करत होत्या, हे विसरू नका. त्या काळात मिशनांत हे उलट असायचं. पैसा साहेबाचा, म्हणून हुकूम साहेबाचा, आणि देशी माणूस मदतनीस. मुक्तीत कुठल्याच बाहेरच्या मंडळाची सत्ता नव्हती. मला वाटतं, म्यूलरची रीत त्यांना नुसती श्रद्धा म्हणून पटली नसेल. वॉन्टेजपासून पुण्यापर्यंत प्रत्येक दात्यानं त्यांना एकेक दोरी बांधली होती. देवाचा पैसा म्हटला की दोरी उरत नाही.

माझी एक शंका मात्र आहे. मागायचं नाही म्हटलं तरी बाई लिहीत होत्याच. मुक्ती प्रेयर बेल नावाचं पत्रक निघायचं, त्यात किती मुली, किती आजारी, विहिरीला पाणी लागलं की नाही, सगळं. ऑस्ट्रेलियातली एखादी बाई ते वाचून मनीऑर्डर करायला धावली असेल, तर ती प्रार्थनेमुळे की पत्रकामुळे? असो. हिशेब चोख असायचा आणि सांगायची ती हकिगत खरी असायची, एवढं मला पुरे.

१९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर केडगावच्या माळावर सुमारे दोन हजार माणसं जेवत होती. एका वेळचा स्वयंपाक डोळ्यांसमोर आणून बघा! पाण्याला विहिरी, दळणाला जाती, शेती, गाईगुरं, हातमाग, तेलाचा घाणा, शिवण, छापखाना. मुलीच सगळं करायच्या. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन निघालं. आंधळ्या मुलींना मनोरमा ब्रेल शिकवायची. ती अमेरिकेत शिकून आईच्या हाताखाली उभी राहिली होती. १९०५ साली तिथे प्रार्थनेची एक लाट आली, मुली रडत-हसत रात्र रात्र प्रार्थना करायच्या आणि त्याची बातमी जगभरच्या चर्चमध्ये गेली. त्याबद्दल मी जास्त लिहीत नाही, माझा तो विषय नाही. दोन वर्षांनी रमाबाईंनी आपली साक्ष लिहिली, तिच्या नावातच न संपणारा खजिना असे शब्द आहेत. दुष्काळात भुकेनं आई गेलेल्या मुलीनं पन्नाशीला आल्यावर वापरलेले शब्द.

या कामात खटकणारंही आहे. दुष्काळातून उचलून आणलेल्या मुलीला निवडायला कितीसा वाव होता? तिथे राहायचं तर तिथली प्रार्थना. शारदा सदनात जी बाई अटींत राहून दार उघडं ठेवत होती, तिच्या मुक्तीत दुसरं दारच नव्हतं. रमाबाईंवर प्रेम करणाऱ्यांनीही हे मान्य केलं पाहिजे. पण मग हेही विचारावं लागतं, की त्या मुली माळावर मरत होत्या तेव्हा दुसरं दार उघडून उभं होतं कोण?

शेवटची सतरा-अठरा वर्षं त्यांनी एक अफाट काम केलं. बायबल मराठीत होतं, पण ते खेड्यातल्या बाईला कळत नाही, असं त्यांचं मत. मग उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सगळं बायबल नव्यानं मराठीत आणायला घेतलं. खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या, बांधणी करणाऱ्या सगळ्या मुक्तीतल्या बायका. ज्यांना केडगावला येईपर्यंत अक्षर ठाऊक नव्हतं, त्यांच्या हातून हिब्रूचे खिळे जुळत होते. १९१९ मध्ये सरकारनं कैसर-ए-हिंद पदक दिलं. १९२१ च्या जुलैमध्ये मनोरमा गेली, चाळिशीत. सगळं तिच्यावर सोपवायचं, असं ठरलेलं होतं. म्हातारी आई पुन्हा मुद्रितांसमोर बसली.

५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. शेवटची मुद्रितं तपासून व्हावीत एवढे दिवस त्यांनी देवाकडे मागून घेतले होते, असं सांगतात. छपाई मात्र व्हायची होती. ती त्या बायकांनी पुरी केली आणि १९२४ मध्ये बायबल बाहेर पडलं. केडगावचं मुक्ती मिशन आजही चालू आहे, देशातून आणि देशाबाहेरून येणाऱ्या पैशावर.

आणि हो, आमची मशिनं. मागच्या शुक्रवारी आम्ही त्या दात्यांना पत्र लिहिलं. दर तीन महिन्यांनी हिशेब पाठवू, किती ब्लाउज शिवले, किती जणी कमवायला लागल्या ते कळवू, वर्ग बघायला केव्हाही या. फोटो आणि कहाण्या मात्र मिळणार नाहीत आणि प्रवेश मंडळच देईल. काकूंनी सही करताना जरा कुरकुर केली, पण केली. उत्तर अजून आलेलं नाही. दुसरं मशीन कालपासून पुन्हा रुसलंय.